डहाणूस जाऊन काय पाहावे?

दिवाळीची सुटी जवळ आली की मुंबईकर कुटुंबांत सहलीचे बेत होऊ लागतात आणि त्यांत डहाणू-बोर्डीचे नाव हटकून निघते. २०१३ सालापासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत जाऊ लागल्याने हा प्रवास एका दिवसाच्या आटोक्यात आला आहे. समुद्रकिनारा, चिकूच्या वाड्या, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे देऊळ, आणि सवड असल्यास पारशी बांधवांनी आपला पवित्र अग्नी जेथे सुरक्षित ठेवला असे मानतात त्या बहरोटच्या गुहा, एवढे पाहून मंडळी परततात. ही स्थळे पाहण्याजोगी आहेत, यात शंका नाही. पण तेवढ्याने डहाणू आणि तलासरी पाहून झाले, असे आम्हांस वाटत नाही.

तलासरी तालुक्यात झरी नावाचे गाव आहे. २३ मे १९४५ रोजी सुमारे पाच हजार वारली तेथे जमले आणि यापुढे वेठ करावयाची नाही, असा त्यांनी निर्धार केला. वेठ म्हणजे काय, हे आज शहरातील वाचकास सांगावे लागेल. जमीनदाराचे बोलावणे आले की स्वतःचे शेत टाकून त्याच्या शेतावर फुकट राबावयाचे. नाही म्हटल्यास मार खावयाचा. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले तर नवराबायकोने वर्षानुवर्षे, कित्येकदा जन्मभर, त्याची चाकरी करावयाची. अशांना ‘लग्नगडी’ म्हणत. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली ही प्रथा मोडण्याचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण धारातीर्थी पडले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा दोन वर्षेही उरली नव्हती.

त्याच १९४५ सालाच्या अखेरीस ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ते गुरे राखीत असेल तर कुरणात जावे, हा विचार तेथे प्रत्यक्षात आला. अंगणवाडी हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्याचे मूळ मात्र या टेकडीच्या परिसरात शोधावे लागते.

गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रकलेस जगभर मान लाभला. तांदळाच्या पिठाने झोपडीच्या भिंतीवर रेखलेला लग्नचौक हा या कलेचा गाभा होय. ती चित्रे आता शहरातील दिवाणखान्यांत शोभेस लागली आहेत. ज्या लग्नाचा चौक आपण कौतुकाने न्याहाळतो, त्याच लग्नापायी ही माणसे गहाण पडत होती, हे किती जणांस ठाऊक असते?

प्रवाशांची गर्दी पाड्यांकडे वळल्यास आदिवासी हेच प्रदर्शनाची वस्तू बनतील, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. म्हणूनच आम्ही पाडे नव्हे, तर झरी, तलवाडा आणि कोसबाड पाहावयास सांगतो, आणि ती स्थानिक माणसांच्या तोंडून ऐकत पाहावीत, असा आग्रह धरतो. जिल्हा प्रशासनाने या स्थळांना सहलीच्या नकाशावर ठळक जागा द्यावी व माहिती देण्याचे काम तेथील सुशिक्षित तरुणांकडेच सोपवावे. मुंबईच्या शाळांनी वर्षातून एक सहल इकडे न्यावी.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ साली जाहीर झालेल्या याच तालुक्यात, मच्छीमारांचा विरोध असताना, २०२४ साली वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या भूमीत पुढे काय उभे राहावे, याचा निर्णय करणाऱ्यांनी आणि त्याकडे दुरून पाहणाऱ्या आपण सर्वांनी, येथे पूर्वी कोण उभे राहिले होते, हे तरी आधी जाणून घ्यावयास नको काय? चिकूची करंडी अवश्य आणावी. पण त्यापूर्वी तलवाड्यास जाऊन दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे.