डावी बाजू

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी आवाजावरून रोज कुरबुर चालायची. इशाची नमाज झाली, जेवणे उरकली की अब्बांना जुनी गाणी आणि कव्वाली ऐकायची असते. मोबाइलला एक छोटा स्पीकर जोडायचा आणि तो शेवटपर्यंत वाढवायचा, हा त्यांचा शिरस्ता. भिंतीपलीकडे आमची मुलगी दहावीच्या अभ्यासाला बसलेली. नरसिंहपूर म्हणजे नीरा-भीमेच्या संगमावरचे गाव. रात्री एवढी शांतता की पलीकडच्या काठावरचे कुत्रे भुंकले तरी ऐकू येते. त्या शांततेत दोन खोल्यांच्या घरात तो स्पीकर. मुलगी म्हणायची, "दादाजान, जरा हळू." ते म्हणायचे, "हळूच तर आहे, बेटा."

हेडफोन आणून दिला. दोन दिवस लावला आणि परत केला. म्हणाले, "डबीत तोंड घालून गातोय कुणीतरी. जीव नाही यात." थोडे खरेही होते. कानावर पूर्ण बसणारा तो मोठा हेडफोन हलवायला स्वस्त मोबाइलचा जोर पुरत नव्हता. पण अब्बांचा मुद्दा वेगळाच होता. ते म्हणाले, "व्हॉल्व्हचा आवाज ऐकलेल्या माणसाला हे काय देता?"

वाचकहो, अब्बा रेडिओ मेकॅनिक होते. इंदापूरच्या बाजारात त्यांचे लहानसे दुकान होते. लग्नात, उरुसात, नरसिंह जयंतीच्या उत्सवात लाऊडस्पीकरचा संच बिघडला की त्यांनाच बोलावणे यायचे. आम्ही पेशाने भाषेचे शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. सोल्डर मारायला शिकलो ते सुट्टीत त्या दुकानात बसून. दुकान कधीच गेले, पण व्हॉल्व्हने भरलेला पत्र्याचा एक डबा कपाटावर राहिला. भंगारवाल्याने दोनदा मागितला, अब्बांनी दिला नाही. आम्ही ठरवले की या डब्यातूनच त्यांच्या हेडफोनसाठी अँप्लिफायर करायचा.

नव्या पिढीसाठी थोडे सांगायला हवे. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तापलेली तार आणि एक पत्रा ठेवला. वीज एकाच दिशेने जाईल अशी ती झडप होती, म्हणून तिचे नाव व्हॉल्व्ह. १९०६ मध्ये अमेरिकेत डी फॉरेस्ट यांनी दोन्हींच्या मध्ये तारेची जाळी घातली, आणि खरी करामत तिथे झाली. आमच्या भागात उसाला रात्रीची दारे धरतात ना, तसेच हे. पाटातून पाणी जोरात येत असते. दारे धरणारा माणूस खोऱ्याने थोडी माती इकडची तिकडे करतो आणि सगळे पाणी वळते. जाळीचे काम त्या माणसाचे. मोबाइलमधून आलेला क्षीण विद्युत संकेत जाळीवर जातो, आणि पत्र्याकडे निघालेला मोठा प्रवाह त्या तालावर कमी-जास्त होतो. गाणे तेच, पण मोठे होऊन बाहेर पडते.

पुण्याला आकाशवाणी केंद्र सुरू झाले १९५३ साली, आणि १९५९ मध्ये फिलिप्सने पुण्याजवळ रेडिओचा कारखाना काढला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. अब्बांच्या डब्यात तेही आहेत. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि सगळा खेळ पालटला.

जुन्या संचात व्हॉल्व्हच्या पत्र्यावर अडीचशे-तीनशे व्होल्ट असत. संच बंद केला तरी कंडेन्सरमध्ये ते साठून राहत. अब्बांचा दुकानातला कायदा होता: चालू संचात हात घालायचा तर दुसरा हात खिशात. दोन्ही हातांतून वीज गेली तर ती छातीतून जाते. मुले असलेल्या घरात आम्हाला हे नको होते. त्यावर उपाय म्हणजे संकरित म्हणजे हायब्रिड अँप्लिफायर. यात व्हॉल्व्ह फक्त १२ व्होल्टवर चालतो. एवढ्याशा व्होल्टवर तो संकेत मोठा करू शकतो, पण हेडफोन हलवण्याइतका प्रवाह त्याच्याने निघत नाही. पाणी वळवायला माणूस पुरतो, वरच्या टाकीत चढवायला पंप लागतो. इथे पंपाचे काम मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर करतो.

असे नकाशे जगभरचे शौकीन वापरतात. आम्ही घेतला तो १२एयू७ या व्हॉल्व्हचा. युरोपात त्यालाच ईसीसी ८२ म्हणतात. एका काचेत दोन व्हॉल्व्ह, म्हणजे डावी-उजवी दोन्ही बाजू एकातच भागतात. प्रत्येक बाजूला एक आयआरएफ ५१० मॉस्फेट आणि प्रवाह स्थिर ठेवायला एक एलएम ३१७. हा ३१७ भलता सोपा आहे: १.२५ ला रेझिस्टन्सच्या ओहमने भागा, तेवढे अँपिअर. आम्ही १० ओहम घातले, म्हणजे ०.१२५ अँपिअर. सामान पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणले. व्हॉल्व्ह घरचा असल्यामुळे बाकीचे हजाराच्या आत बसले.

करून बघणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. व्हॉल्व्हच्या बेसच्या पिना खालच्या बाजूने बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजायच्या. आम्ही पहिल्यांदा वरून मोजल्या आणि सगळे उलटे लागले. १२ व्होल्टची तार ४ आणि ५ नंबरला, ९ नंबर मोकळा. मॉस्फेट आणि ३१७ यांच्या पाठी एकाच पत्र्याला थेट जोडू नका, मध्ये अभ्रकाचा तुकडा हवा. आणि चालू केल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत हेडफोन लावायचा नाही, नाहीतर कानात दणका बसतो. तेवढ्या वेळात एक घोट चहा होतो.

पहिल्या रात्री आवाज आला तो चिरका आणि दुबळा. आम्ही तासभर नकाशा तपासत होतो. अब्बा खाटेवरून बघत होते. शेवटी उठले, व्हॉल्व्ह उपटला आणि काचेवर हाः करून श्वास सोडला. बाफ बसली तसा पुसून गेलेला नंबर क्षणभर उमटला: ईसीसी ८३. दोन्ही भाऊ दिसायला सारखे, पिनाही त्याच, पण ८३ मधून १२ व्होल्टला जेमतेम प्रवाह निघतो. अब्बांनी डब्यातले सहा-सात व्हॉल्व्ह असेच फुंकून पाहिले आणि ८२ काढून दिला. आम्ही बी.एड. झालो, पण हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

आता आवाज भरला, पण मागे बारीक गूं चालू होती. अ‍ॅडॉप्टर हलका होता. चुलतभावाच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी लावली आणि गूं गेली. सगळ्याला मिळून ०.४ अँपिअर लागतो, म्हणजे कागदावर २० तास. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, म्हणून आम्ही १० धरतो.

अब्बांनी हेडफोन लावला, डोळे मिटले. मग म्हणाले, "छान आहे. पण डावी बाजू बंद आहे."

आम्ही लावून पाहिला, दोन्ही बाजू ठीक. म्हटले, तार सैल असेल, त्यांनी डोके हलवले की सुटत असेल. डाव्या बाजूचे सगळे जोड पुन्हा तापवले. मीटर लावला: दोन्ही मॉस्फेटच्या सोर्सवर सारखेच सहा व्होल्ट. पुन्हा अब्बांना दिला. "बंदच आहे." मग मेकॅनिकचा साधा नियम वापरला, अब्बांनीच शिकवलेला: दोष कुठे आहे कळत नसेल तर बाजू बदला आणि बघा दोष कुठे जातो. आत येणाऱ्या तारा उलट केल्या. डावी बंद. बाहेर जाणाऱ्या उलट केल्या. तरी डावीच बंद. शेवटी हेडफोनच फिरवून त्यांच्या डोक्यावर ठेवला, उजवा कप डाव्या कानावर.

"डावी," अब्बा म्हणाले, आणि मग गप्प झाले. नियम त्यांचाच होता, उत्तर त्यांना आमच्याआधी कळले.

मग एकेक आठवू लागले. फोन ते नेहमी उजव्या कानाला धरतात. दस्तरखानावर डाव्या टोकाला बसतात, म्हणजे सगळी माणसे उजवीकडे येतात. अम्मी डावीकडून काही म्हणाली की उत्तर नाही, आणि आम्ही सगळे म्हणत आलो की सोयीचे तेवढे ऐकतात. किती दिवस? "दोनेक वर्षं असेल. हळूहळू गेलं," ते म्हणाले. मुलगी दारात उभी होती. तिने पुस्तक मिटले आणि काही बोलली नाही.

दुसऱ्या आठवड्यात अकलूजला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या कानात घट्ट मळ होता, तो काढल्यावर थोडे ऐकू आले, बाकीचे नसेचे. उजव्या कानातही वयाप्रमाणे बारीक, उंच सूर कमी झालेले. श्रवणयंत्र सुचवले. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या, त्या इथे देतो. एका कानाचे ऐकणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले तर थांबू नका, लगेच दाखवा. उशीर झाला तर उपचाराचा उपयोग राहत नाही. आणि अँप्लिफायर म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. जो सूर कमी झाला आहे तेवढाच यंत्र वाढवते, अँप्लिफायर सरसकट सगळेच वाढवतो आणि उरलेला कानही थकवतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. अब्बांचा तो स्पीकर त्याच्या पुढे असणार, यात आम्हाला शंका नाही.

घरी येऊन आम्ही घुंडीच्या आधी रेझिस्टन्स टाकला, आता ती पूर्ण फिरवली तरी आवाज बेताचाच राहतो. दुसरा बदल मुलीने सुचवला. नव्या ध्वनिमुद्रणात हार्मोनियम एका बाजूला, टाळ्या दुसऱ्या बाजूला असतात. ज्याचा एक कान मंद, त्याचे अर्धे गाणे जाते. दोन्ही बाजूंना एक-एक हजार ओहम लावून, ते एकत्र करून दोन्ही कानांना तेच देणारा एक खटका बसवला. तिने स्वतः सोल्डर मारला. जोड जरा गोळ्यासारखा झाला आहे, पण पक्का आहे. अब्बांनी खटका दाबला, थोडे ऐकले आणि विचारले, "या कव्वालीत ढोलक होता?"

श्रवणयंत्र दिवसा लावतात, कुरकुर करत. रात्री ते काढून हेडफोन. मुलीची परीक्षा झाली. भांडण मात्र पूर्ण मिटले आहे असे म्हणता येत नाही. हेडफोन लावून अब्बा आता कव्वालांबरोबर गातात, आणि आपण किती मोठ्याने गातोय हे त्यांना कळत नाही.