विश्लेषण : एवढ्याशा डब्यातला गेमिंग पीसी नागपूरच्या मे महिन्यात तग धरेल का?

व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टीम मशीन’ हा गेमिंग संगणक जाहीर केला, तेव्हा आधी डोळ्यांत भरला तो त्याचा आकार. जेमतेम १६ सेंटीमीटरचा ठोकळा, टीव्हीखालच्या कप्प्यात मावेल एवढा. असे छोटे पीसी स्वतः जोडणारे तरुण महाराष्ट्रातही आहेत आणि त्यामागे निव्वळ हौस नाही. तिघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये पलंग, कपाट आणि टेबल ठेवल्यावर मोठ्या कॅबिनेटला जागा उरतेच कुठे? मात्र लाखभर रुपये घालून जोडलेला हा डबा एप्रिल उजाडताच धापा टाकू लागला, तर दोष कोणाचा? बहुतेक वेळा तो डब्याच्या आकाराचा नसतो, खरेदीच्या क्रमाचा असतो.

छोटा म्हणजे किती छोटा?

नेहमीचा एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये आणलेला मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० मिलिमीटरचा. त्याला एसएफएक्स मापाचा छोटा एसएमपीएस जोडला की सगळा संसार दहा ते वीस लिटरच्या कॅबिनेटमध्ये बसतो. (होय, या जगात कॅबिनेट लिटरमध्ये मोजतात.) कूलर मास्टरचे एनआर२०० साधारण १८ लिटरचे आहे, फ्रॅक्टलचे टेरा १०.४ लिटरचे. नेहमीचा मिड-टॉवर सहज चाळीसच्या पुढे जातो.

डबा लहान, उष्णता तेवढीच

संगणकाने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. गेम सुरू असताना पीसी ३५० वॅट घेत असेल, तर खोलीत ३५० वॅटची शेगडी पेटली असेच समजायचे. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे खोलीत तीन-साडेतीन पाहुणे वाढले. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर फेकतो, त्यातला दहावा हिस्सा एकटा पीसी खातो. एसी नसेल तर रात्री अकराला खोली तापलेलीच राहते.

दुसरी गोष्ट बहुतेक खरेदीदार विसरतात. कूलर कितीही भारी असो, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीतल्या तापमानावर अमुक अंश, एवढेच त्याच्या हातात असते. एखाद्या जोडणीत ग्राफिक्स कार्ड खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहते असे धरू. खोली २२ अंशांवर असेल तर कार्ड ७२ वर राहील आणि यूट्यूबवरचा समीक्षक खूश होईल. नागपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि बंद खोली ३८ अंशांवर सहज जाते. तिथे तेच कार्ड ८८ वर पोहोचेल. आरटीएक्स ४०६० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे, रायझन ५ ७६०० ची ९५. त्या टोकाशी पोहोचलेली चिप जळत नाही, स्वतःचा वेग कमी करते. गेम अडखळतो, पंखे किंचाळतात आणि ज्या वेगासाठी पैसे मोजले तो हाती लागत नाही.

मग लिक्विड कूलर?

दुकानात पहिला सल्ला हाच मिळतो. काचेच्या कॅबिनेटमध्ये चमकणारा एआयओ दिसतोही छान. पण पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त प्रोसेसरकडून रेडिएटरकडे नेते. रेडिएटरला हवा मिळाली नाही तर पाणीही तापते. त्यात गेमिंग पीसीमध्ये जास्त उष्णता सोडते ते ग्राफिक्स कार्ड आणि बाजारातले बहुतेक एआयओ फक्त प्रोसेसर थंड करतात. लहान डब्यात तर वर बसवलेल्या रेडिएटरमधून अनेकदा कार्डाचीच गरम हवा जाते. मध्यम ताकदीच्या प्रोसेसरसाठी हा खर्च उधळपट्टी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे.

आधी वॅट ठरवा, डबा नंतर

स्टीम मशीनचा धडा इथे आहे. व्हॉल्व्हने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार त्याचा प्रोसेसर ३० वॅटचा आहे आणि ग्राफिक्स चिप ११० वॅटची. एकूण १४० वॅटची मर्यादा पाळली म्हणूनच मोठा हीटसिंक आणि त्याला वारा घालणारा पंखा एवढ्याशा ठोकळ्यात मावतो. स्वतः पीसी जोडणारे नेमके उलट करतात. आधी दिसायला देखणे कॅबिनेट, मग बजेटमध्ये बसेल ते सर्वांत मोठे कार्ड आणि उरलेल्या पैशांत कूलर.

एसी नसलेल्या खोलीसाठी दहा-बारा लिटरचा पीसी जोडायचा असेल, तर ६५ वॅटचा प्रोसेसर आणि दीडशे वॅटच्या आतले कार्ड हीच शहाणी जोडी ठरते. आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ११५ वॅट आहे, आरटीएक्स ५०६० ची १४५. २५० वॅटचे आरटीएक्स ५०७० वीस लिटरच्या जाळीदार डब्यात निभावून जाईल. ५७५ वॅटचे आरटीएक्स ५०९० अशा डब्यात कोंबणाऱ्यांचे व्हिडीओ पाहायला मजा येते, तेवढेच.

हातात आधीच मोठे कार्ड असेल तर फुकटचा उपाय आहे : अंडरव्होल्टिंग. चिपचा वीजवापर साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवता आले, तर चालू कामाचा वीजवापर जवळपास १९ टक्क्यांनी घटतो. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रामने हे करता येते, एएमडीच्या प्रोसेसरसाठी बायोसमध्ये इको मोड असतो. प्रत्येक चिप किती खाली येईल हे वेगळे असते, त्यामुळे थोडे थोडे उतरवून तपासावे लागते. गेम बंद पडला तर एक पायरी मागे.

हवेला वाट

कूलर घेण्याआधी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात त्याची कमाल उंची पाहायची. एनआर२०० मध्ये दीडशे मिलिमीटरच्या पुढचा टॉवर कूलर जातो. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या पाठीला लावलेल्या ‘सँडविच’ मांडणीच्या डब्यात तो प्रश्नच येत नाही, तिथे वरून खाली वारा घालणारा बुटका कूलर लागतो. अशा डब्यात कार्ड रायझर केबलने जोडतात. केबल पीसीआयई ४.० ची आणि कार्ड ५.० चे असेल तर स्क्रीन काळीच राहू शकते. बायोसमध्ये स्लॉट ४.० वर ठेवला की बहुधा प्रश्न मिटतो. यात अख्खा रविवार जातो, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

वायरी पंख्यासमोर लोंबू नयेत. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असावी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. जाळी महिन्या-दोन महिन्यांनी झटकावी. रस्त्याकडेच्या घरात त्याहून लवकर. आणि टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात हा डबा ठेवणार असाल, तर वरचे सगळे कष्ट वाया.

प्रत्येकाला मिनी-आयटीएक्स हवाच का?

नाही. हे मदरबोर्ड महाग पडतात, पर्याय कमी असतात आणि रॅमचे खाचे दोनच. २४४ बाय २४४ मिलिमीटरचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि पंचवीस-तीस लिटरचे जाळीदार कॅबिनेट अनेकांना पुरेल. त्यात नेहमीच्या मापाचा स्वस्त एसएमपीएस बसतो आणि वाचलेले पैसे कार्डात घालता येतात. खरा छोटा डबा त्याने घ्यावा, ज्याला सुट्टीत तो सॅकमध्ये घालून गावी न्यायचा आहे किंवा ज्याच्या टेबलावर खरोखरच वीतभर जागा आहे.

लॅमिंग्टन रोडवरून डिसेंबरात सुटे भाग आणून पीसी जोडला आणि कार्डाने ७० अंश दाखवले, तर निश्चिंत होण्याआधी एक बेरीज करावी. खोलीचे दार लावून, एसी बंद ठेवून अर्धा तास जड गेम चालवायचा, कार्डाचे आणि खोलीचे तापमान लिहून घ्यायचे. मग आपल्या खोलीत मे महिन्यात पारा जितका वर जातो, तितका फरक त्या ७० मध्ये मिळवायचा. उत्तर ८५ च्या पुढे गेले तर कार्डाची वीजमर्यादा तेव्हाच खाली ओढायची, उन्हाळ्याची वाट पाहायची नाही.