अंबरमधला काजवा ९.९ कोटी वर्षांचा. मग कर्जतचे काजवे का जपायचे?

मे महिना संपत आला की सोशल मीडियावर काजव्यांचे फोटो फिरू लागतात. कर्जतच्या कोंदिवड्यातून राजमाचीला चढणाऱ्यांची गर्दी वाढते. पण हा कीटक म्हणजे पावसाळ्याआधीची नुसती गंमत नाही. काजवा ज्या डोंगरावर चमकतो, त्या डोंगराहून त्याचा वंश जुना आहे. हे कळलं कसं?

अंबर काय सांगतं?

झाडातून वाहणाऱ्या चिकट राळेत कीटक अडकतो. ती राळ मातीत गाडली जाते आणि कोट्यवधी वर्षांत घट्ट होते. तेच अंबर. म्यानमारच्या काचिन भागातल्या अंबरमध्ये सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे काजवे सापडले आहेत. त्यातल्या 'प्रोटोलुसिओला'ची नोंद २०१५ मध्ये झाली, 'फ्लॅमारिओनेला'ची २०२४ मध्ये. दोघांच्याही पोटाच्या टोकाशी प्रकाश देणारा अवयव आहे. म्हणजे डायनोसॉर होते तेव्हाही काजवे चमकत होते.

कर्जत-खालापूरचा काळा कातळ त्यानंतरचा. तो ज्या लाव्हापासून बनला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. धगधगत्या लाव्हात राळ टिकत नाही, त्यामुळे या कातळात असा पुरावा मिळायचा नाही. त्यासाठी गुजरातला जावं लागतं. तिथल्या वास्तानच्या लिग्नाइट खाणीतल्या अंबरमध्ये ५ कोटी वर्षांहून जुने कीटक मिळाले आहेत.

मग जनुकं कशासाठी?

'ज्युरासिक पार्क' सिनेमात अंबरमधल्या डासातून डायनोसॉरचा डीएनए काढतात. प्रत्यक्षात इतक्या जुन्या अंबरमधून डीएनए मिळत नाही. अंबरवरून वय आणि शरीराची ठेवण कळते. प्रकाश कसा तयार झाला, हे शोधायला जिवंत कीटकाची जनुकं लागतात.

२०१८ मध्ये अमेरिकेतला एक काजवा, जपानमधला एक काजवा आणि प्रकाश देणारा एक क्लिक बीटल यांचे जीनोम प्रसिद्ध झाले. त्यातून दिसलं की, स्निग्धाम्लांवर काम करणाऱ्या एका साध्या एन्झाइमच्या जनुकाची जादा प्रत तयार झाली आणि ती बदलत जाऊन प्रकाश देणारं 'ल्युसिफेरेज' घडलं. काजवा आणि क्लिक बीटल या दोघांत हे वेगवेगळं घडलं असावं.

आजच्या सगळ्या ज्ञात काजव्यांच्या अळ्या चमकतात. म्हणून हा प्रकाश आधी शत्रूला 'मला खाऊ नकोस' असं बजावण्यासाठी होता आणि जोडीदार शोधण्याचं काम त्याच्याकडे नंतर आलं, असं शास्त्रज्ञ मानतात.

धोका कुठे आहे?

जगभरातल्या काजवे-तज्ज्ञांच्या २०२० मधल्या पाहणीत तीन मोठे धोके पुढे आले: अधिवास नष्ट होणं, रात्रीचा कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशकं. यातले पहिले दोन कर्जत-खालापूरला रोज दिसतात. रानालगत फार्महाऊस आणि बंगल्यांचे प्लॉट पडतात, कुंपणावर रात्रभर दिवे जळतात. चौकवरून जाणाऱ्या पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमुळे बांधकामाला आणखी जोर येऊ शकतो.

काजव्याचं लुकलुकणं हा नर-मादीचा संवाद असतो. हेडलाइट, टॉर्च आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये तो हरवतो. अळ्या कित्येक महिने ओलसर माती-पाचोळ्यात वाढतात. पायवाट सोडून चालणाऱ्यांच्या पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवेच चिरडले जातात.

व्हायरल फोटोतलं झगमगतं झाड बहुतेक वेळा अनेक फोटो एकावर एक जोडून केलेलं असतं. तसं दृश्य मिळावं म्हणून आत घुसण्यात अर्थ नाही. पायवाटेवर थांबा, फ्लॅश बंद ठेवा, टॉर्च लागलाच तर त्यावर लाल कागद लावा आणि काजवे पकडू नका.

अंबरमधला काजवा आहे तिथेच राहणार. जनुकांचा पुरावा मात्र जिवंत काजव्यात असतो. तो एखाद्या रानातून संपला, तर तिथली त्याची गोष्ट कायमची न वाचलेलीच राहते.