सारसासाठी एक पत्र आमदारांना



रोवणी आटोपली, निंदण झाले, खताचा दुसरा हप्ताही पडला. धान पोटरीत येईपर्यंत आता चार दिवसांची उसंत आहे. या उसंतीत करायचे एक काम आज सांगतो. त्याला बियाणे लागत नाही, फवारणी लागत नाही. एक कागद, एक पेन आणि अर्धा तास पुरे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना सारस दाखवावा लागत नाही. बांधीत किंवा तलावाच्या काठी करड्या अंगाची, लाल मानेची, माणसाएवढी उंच जोडी उभी असली की पोरे लांबूनच ओळखतात. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी हाच. उंची पाच ते सहा फूट. एकदा जमलेली जोडी सहसा जन्मभर सुटत नाही. उत्तर प्रदेशाने त्याला राज्यपक्षी केले आहे आणि देशातले बहुतेक सारस तिकडेच आहेत. महाराष्ट्रात मात्र ते उरले आहेत ते मुख्यत्वे आपल्या जिल्ह्यात. भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत अगदी तुरळक. नदीपलीकडच्या बालाघाटमध्येही काही आहेत, आणि नदी ओलांडताना सारस काही राज्याची सीमा पाहत नाही.

सेवा संस्थेचे कार्यकर्ते, वनखाते आणि गावोगावची मंडळी उन्हाळ्याच्या अखेरीस पहाटे उठून सारसांची गणना करतात. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्याचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला आहे. गावातल्या एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसे असतात. एवढ्यावर अख्ख्या महाराष्ट्राचा सारस टिकून आहे.

आता तुम्ही विचाराल, सारस आणि कास्तकार यांचा संबंध काय? संबंध असा की सारस जंगलात राहत नाही. तो तुमच्या-माझ्या शिवारात राहतो. पावसाळ्यात उथळ पाण्यात गवत, लव्हाळे, धानाची धाटे ओढून तो घरटे रचतो. ते कधी तलावाच्या काठी असते, तर कधी थेट उभ्या धानाच्या बांधीत. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. पिल्ले एक-दोन दिवसांत आईबापामागे चालू लागतात, पण उडायला त्यांना तीन महिने लागतात. म्हणजे रोवणीपासून कापणीपर्यंत तो आपल्याच बांधीत बिऱ्हाडाला असतो. ज्याच्या शेतात घरटे झाले तो कास्तकार आणि त्याच्या घरची माणसे यांच्या हातात त्या पिल्लांचा जीव असतो.

पण यात कास्तकाराचे नुकसान होते, हेही खरे. ते लपवून चालणार नाही. घरट्याचा घेर साधारण सहा-सात फुटांचा. आजूबाजूचे धान तुडवले जाते, शिवाय तिकडे निंदण, फवारणी करता येत नाही. आपण मोकळ्या हाताने हिशोब करू. समजा एक गुंठा पूर्ण गेला. एकरी सोळा क्विंटल उतारा धरला तर गुंठ्याला चाळीस किलो धान पडते. 2025-26 च्या हंगामाचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे नुकसान साडेनऊशे रुपयांच्या आसपास. सरकारच्या दृष्टीने ही रक्कम काहीच नाही. दीड एकरवाल्याच्या घरात मात्र तेवढ्यात पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. राज्याचा ठेवा राखायचा आणि त्याचा भार एकट्या दीड एकरवाल्याने सोसायचा, हे न्यायाचे नाही. पत्र लिहायचे ते एवढ्यासाठी.

आणखी दोन दुखणी आहेत. पहिले विजेच्या तारांचे. सारस अंगाने जड. तो तलावावरून उठला की लगेच उंच जात नाही, आणि वाटेतल्या तारांवर आदळतो. दुसरे विषाचे. भरतपूरला 1980 च्या दशकाच्या अखेरीस ऑल्ड्रिन या कीटकनाशकामुळे सारस मेल्याची नोंद आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेले फोरेट सरकारने 2018 च्या आदेशाने 2020 अखेर बंद केले. कोणाच्या कोठीत जुनी पिशवी पडली असेल तर ती बांधीत टाकू नका. हे विष सारसाच्या आधी ते हाताळणाऱ्याला बाधते.

2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारस घटत असल्याच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. मग प्रश्न येतो, न्यायालयाने पाहिले आहे तर आपल्या पत्राची गरज काय? गरज आहे. न्यायालय आदेश देते, पण तारा बदलायला आणि कास्तकाराला मोबदला द्यायला पैसा लागतो. तो अंदाजपत्रकातून येतो आणि अंदाजपत्रक विधानसभा मंजूर करते. आमदार सभागृहात तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी सूचना मांडू शकतात. मंत्र्यांना त्यावर उत्तर द्यावे लागते. हिवाळी अधिवेशन आपल्या नागपुरातच भरते. प्रश्न आधी लेखी द्यावे लागतात, म्हणून पत्र दिवाळीच्या आधी पोचलेले बरे.

पत्राने काय होते, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतले एक उदाहरण सांगतो. तिथे नेवाडा राज्यात रानघोडे मोटारी आणि विमाने लावून पकडत आणि कत्तलखान्यात धाडत. वेल्मा जॉन्स्टन नावाच्या कचेरीत काम करणाऱ्या बाईंनी 1950 मध्ये अशा घोड्यांनी भरलेला, रक्त ठिबकणारा ट्रक पाहिला आणि मग गप्प बसायचे नाही असे ठरवले. त्यांनी पत्रे लिहिली, लोकांना लिहायला लावली. 1959 मध्ये मोटारी आणि विमानांनी शिकार करायला बंदी घालणारा कायदा झाला. पुढे शाळकरी मुलांनीही आपल्या लोकप्रतिनिधींना पत्रांचा पाऊस पाडला, आणि 1971 मध्ये रानघोड्यांच्या संरक्षणाचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने केला. यासाठी एकवीस वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवा. आपल्याकडे कायदा आहेच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि सारसाची अंडी उचलणे किंवा घरटे मोडणे हा त्याखाली गुन्हा आहे. आपल्याला मागायची आहे ती त्या कायद्यामागची तरतूद.

आता पत्र कोणाला? गोंदिया, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव आणि आमगाव हे आपले चार विधानसभा मतदारसंघ. आपल्या आमदारांचे नाव घरात कोणालाही ठाऊक असते. खासदारांच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो. आमगाव विधानसभेतली, म्हणजे आमगाव, सालेकसा, देवरीकडची गावे गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात मोडतात. बाकीची भंडारा-गोंदियात. चुकीच्या खासदाराला लिहिलेले पत्र नुसते फिरत राहते. आमदारांना विधानभवन, मुंबई 400032 या पत्त्यावर लिहा किंवा त्यांच्या गावच्या कार्यालयात नेऊन द्या.

पत्र लिहिताना पुढील गोष्टी सांभाळा.

1. स्वतःचे नाव, गाव, तालुका आणि किती शेती आहे ते आधी लिहा. आपला मतदार लिहितो आहे हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळावे.

2. स्वतः पाहिलेले तेवढेच लिहा. जोडी दिसली तर जोडी, पिल्ले दिसली तर पिल्ले. फुगवून लिहिलेली एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टीही वाया जातात.

3. एका पत्रात एक किंवा दोनच मागण्या ठेवा. दहा मागण्यांचे पत्र कोणाच्याच लक्षात राहत नाही.

4. शिवीगाळ नको, पाया पडणेही नको. मत आपण दिले आहे, सरळ भाषेत मागावे.

5. छापील कागदावर नुसत्या सह्या करण्यापेक्षा हाताने लिहिलेली पाच पत्रे बरी. घरच्या बाईने लिहिले तर फार चांगले. निंदणाला बांधीत ती असते, घरटे आधी तिलाच दिसते.

6. पत्राची नक्कल ठेवा. हातोहात दिले तर पोच घ्या, टपालाने पाठवले तर स्पीड पोस्टची पावती जपा. महिन्याभरात उत्तर आले नाही तर त्या तारखेचा उल्लेख करून दुसरे पत्र टाका.

नमुना असा :

"मा. आमदार महोदय, मी मौजा ….., तालुका ….. येथील कास्तकार असून माझी दीड एकर धानाची शेती आहे. या पावसाळ्यात आमच्या शिवारात सारसाची जोडी आहे व आम्ही तिला त्रास होऊ देत नाही. माझी विनंती आहे की, (1) ज्याच्या शेतात सारसाचे घरटे असेल त्या कास्तकारास पंचनामा करून कापणीपूर्वी ठरावीक मोबदला मिळावा, तो दर हंगामात नियमाने मिळावा. (2) सारस उतरतात त्या तलावांजवळच्या वीजतारांना आवरण घालावे किंवा त्या जमिनीखालून न्याव्यात. याविषयी आपण येत्या अधिवेशनात प्रश्न विचारावा व उत्तर मला कळवावे. आपला / आपली, …"

तिसरी मागणी मामा तलावांची आहे, ती वेगळ्या पत्रात लिहा. हे मालगुजारी तलाव 1951 मध्ये सरकारकडे आले. त्यातला गाळ निघायलाच हवा, आपल्या ओलिताला तो हवा आहे. पण यंत्राने सगळाच तलाव सारखा खोल करून टाकला तर सारसाला उभे राहायला उथळ काठ उरत नाही. एक बाजू उथळ ठेवावी आणि तिथली बेशरम काढावी, एवढे मागा.

पत्रासोबत गावातही एक काम करा. ग्रामसभेत सारसाचा ठराव घ्या आणि त्याची प्रत पत्राला जोडा. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत सारसाची नोंद आहे का, तेही पाहा.

एक सावधगिरी मात्र सांगतो. घरटे नेमके कुठे आहे ते बाजारात, चहाच्या टपरीवर किंवा मोबाईलवर सांगत फिरू नका. फोटो काढायला माणसे जमली की जोडी अंडी टाकून उठते, आणि अंडी उचलणारेही असतात. वनरक्षकाला सांगा, तेवढे पुरे. घरट्यापासून लांब राहा, कुत्री आवरा आणि त्या तुकड्यात फवारणी टाळा.

पुढच्या आठवड्यात धानावरच्या तुडतुड्यांविषयी बोलू. तोवर पत्र टाकून ठेवा.