टॅराच्या घरी आज कोण?

सकाळी आई स्वयंपाकघरात उभी आहे. ती आईच आहे की आणखी कोणी, हे मुलांना तिच्या कपड्यांवरून आणि बोलण्याच्या ढबीवरून ओळखावे लागते. ओळख पटली की त्याप्रमाणे दिवस आखायचा. कॅन्सस राज्यातल्या एका उपनगरी घराची ही नित्याची रीत 'युनायटेड स्टेट्स ऑफ टॅरा' या अमेरिकन मालिकेत दाखवली होती. २००९ ते २०११ या काळात तिचे ३६ भाग झाले. मी ती फार उशिरा, मुलीच्या आग्रहाखातर पाहिली आणि पाहून झाल्यावर जरा ओशाळलो. का, ते पुढे सांगतो.

टॅरा ग्रेगसन ही दोन मुलांची आई. तिला 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' आहे. १९९४ पर्यंत याच विकाराला अमेरिकेत अधिकृतपणे बहुव्यक्तिमत्त्व विकार म्हणत. (आपल्याकडे स्किझोफ्रेनियाशी त्याची सर्रास गल्लत होते. हे दोन अगदी वेगळे आजार आहेत.) ताण वाढला की टॅराची जागा दुसरेच कोणी घेते. कधी उनाड, अल्लड टी, कधी आपण व्हिएतनाम युद्धात लढल्याचे सांगणारा बक, तर कधी १९५० च्या दशकातली आदर्श गृहिणी शोभावी अशी ॲलिस. नंतर टॅराला त्यातले आठवत नाही.

टोनी कोलेटला या भूमिकेसाठी २००९ चा एमी पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण माझे लक्ष सारखे तिच्या मुलाकडे, मार्शलकडे जाई. ॲलिस आली की हा शांत मुलगा सुखावतो. ॲलिस केक करते, घर आवरते, त्याचे लाड करते. आईच्या आजाराचा एक तुकडा त्याला आईपेक्षाही सोयीचा वाटतो! मग एकदा टी येते आणि मार्शलचा जीव ज्या मुलावर जडला आहे त्यालाच जवळ करते. आता या पोराने रागवायचे कोणावर? जिने केले ती आई नव्हती, आणि आईला तर काहीच ठाऊक नाही. शेवटी तो आवारातली आईची शेड पेटवून देतो. नवरा मॅक्सचा सोशिकपणा मालिकेला फार प्रिय आहे. मला तो सुरुवातीला जरा जास्तच गोड वाटला.

टीव्हीवर हा आजार गाजवला तो १९७६ च्या 'सिबिल' या चित्रपटाने. त्यानंतर अमेरिकेत या निदानाचा पूर आला. मूळ रुग्णाच्या कित्येक आठवणी उपचार करणाऱ्यांनीच तिच्या मनात पेरल्या, असा आक्षेपही पुढे घेतला गेला. तो वाद तज्ज्ञांमध्ये आजही मिटलेला नाही. बालपणीच्या अत्याचारांशी या विकाराचा संबंध मात्र बरेच जण मानतात, आणि टॅराचा शोधही तिथेच पोचतो. प्रत्यक्षात हे बदल इतके ठसठशीत क्वचितच असतात. बहुतेक रुग्ण ते लपवतात, स्मृतीतल्या फटी सारवून नेतात. टोपी घालून, पाय फाकवून चालणारा बक हा टीव्हीचा हट्ट.

आणि माझाही. बक बराच वेळ आला नाही की मला चुळबुळ होई. टॅरा बरी व्हावी असे तिच्या मुलांना वाटत होते, मला वाटत नव्हते.

हे ध्यानात आले तेव्हा आमचा वाडा आठवला. तिथल्या एका काकूंच्या अंगात येई. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने या विकाराच्या निकषांत, काही समाज ज्याला 'झपाटणे' म्हणतात तो अनुभवही घेतला. तरी काकूंना हाच विकार होता असे मी म्हणणार नाही. अंगात येणे हा अनेकदा श्रद्धेचा भाग असतो, आजार नव्हे. नवरात्रात आरती रंगात आली की काकू घुमू लागत. आम्ही पोरे आधीपासून जागा धरून बसायचो. एखाद्या दिवशी अंगात आले नाही तर हिरमुसून घरी जायचो.

काकूंची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती कधी आमच्यात बसली नाही. टाळांचा आवाज चढू लागला की ती आधी आत जाऊन स्टोव्ह बंद करी, धाकट्या भावाला शेजारी सोडून येई, आणि आईचे डोके भिंतीवर आपटू नये अशा बेताने तिच्या मागे उभी राही.