चौथ्या खेळीतला घोडा
कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराने १८४८ मध्ये कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध चौथ्याच खेळीत घोडा बळी दिला. मोबदला दोन प्यादी आणि काळ्या राजाचा हुकलेला किल्लेकोट! हिशेबात हा डाव सदोषच. तरी १९९९ मध्ये लिनारेस येथे टोपालोव्हने क्रामनिकविरुद्ध तो खेळून बरोबरी साधली.

बुद्धिबळाने स्मृतिभ्रंश टळतो, असे आश्वासन मी कोणाला देत नाही. परंतु आजारपणानंतर ज्यांची औषधे, पथ्य, फिरणे सारे इतरच ठरवितात, त्या ज्येष्ठांच्या हाती स्वेच्छेने पत्करलेला एवढा तरी धोका असावा. त्यांच्याशी खेळताना दयेपोटी मुद्दाम हरू नका. त्यांना ते तत्काळ उमगते. घोडा खुशाल मारा. डाव लांबलाच, तर मध्ये उठून चार पावले चालायला मात्र लावा.