झाडावरून माणूस पडला तर भरपाई कोणी द्यायची? विमा ऐच्छिक, देणं मात्र सक्तीचं

आपल्या भागातला झाडतोडीचा धंदा कसा चालतो ते सगळ्यांनाच माहीत आहे. एक कटर, दोन दोरखंड, कुऱ्हाडी, एक पिकअप आणि चार-पाच माणसं. बांधावरचा लिंब, विहिरीवर आलेली बाभळ, घरावर झुकलेली चिंच, लाईटच्या तारेला टेकलेली सुबाभूळ. फोन केला की टोळी येते, दुपारपर्यंत झाड आडवं होतं आणि संध्याकाळी लाकूड वखारीत. दुकान नाही, पाटी नाही, बिलबुक नाही. ज्याचं कटर तो मालक. गंमत अशी की हा मालक स्वतःला मालक समजतच नाही, कारण सकाळपासून तोही फांदीवरच बसलेला असतो.

कायदा मात्र त्याला मालकच समजतो. चार माणसं हजेरीवर घेऊन काम करणारा तो मालक, मग त्याच्याकडे कारखाना असो की एकच कटर. काम करताना, कामामुळे अपघात झाला आणि माणूस गेला किंवा कायमचा अधू झाला, तर भरपाई मालकानं द्यायची. चूक कोणाची हे यात बघत नाहीत. फांदी आपोआप मोडली, वारा सुटला, दोर तुटला, काहीही असो.

हे काही नवीन नाही. १९२३ सालापासून हा कायदा आहे. आधी कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणायचे, २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय गेला. नाव बदललं, गाभा तोच राहिला. कोणकोणत्या कामाला हा कायदा लागतो त्याची एक यादी आहे. त्या यादीत ताडामाडाला छेद देऊन रस काढणं, झाडं तोडणं आणि ओंडके काढणं, एवढंच काय, जंगलातला वणवा विझवणं हेसुद्धा नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे झाडतोडीचं काम कायद्यात बसतं का, हा वादच नाही. किमान दहा माणसं पाहिजेत, वीस पाहिजेत, अशी अटही त्या नोंदीला नाही. आणि "तो कायमचा नव्हता हो, रोजंदारीवर दोन दिवसांसाठी आला होता," हे कारण २००० सालच्या दुरुस्तीपासून चालत नाही.

रक्कम किती होते?

इथं भलेभले गप्प होतात. हिशोब सोपा आहे, वहीत मांडून बघा. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे कायद्यात दिलेल्या आकड्यानं गुणायचा. मजुरी जास्त असली तरी हिशोबाला महिन्याला १५,००० रुपयेच धरतात, ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे. ३५ वर्षांच्या माणसाचा आकडा १९७.०६ आहे. १५,००० चे निम्मे ७,५००, गुणिले १९७.०६. झाले १४ लाख ७७ हजार ९५० रुपये. माणूस ५० वर्षांचा असेल तर आकडा १५३.०९, म्हणजे ११ लाख ४८ हजार १७५. पोरगं जितकं तरुण तितकी रक्कम मोठी.

माणूस वाचला पण कंबरेखाली लुळा पडला, आता कसलंच काम होणार नाही, तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. त्याच ३५ वर्षांच्या माणसाचे १७ लाख ७३ हजार ५४० होतात. कटरनं हाताचा अंगठा गेला तर कायद्याच्या तक्त्यात ते ३० टक्के नुकसान आहे, म्हणजे ५ लाख ३२ हजारांच्या वर. नुसत्या अंगठ्याचे. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा, तोही मालकाकडेच.

हे पैसे महिन्याभरात द्यायचे असतात. नाही दिले तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. तरीही नाही दिले तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, म्हणजे गोष्ट तहसीलमार्गे सातबाऱ्यापर्यंत येते. दीड-दोन एकराचा धनी असलेल्या कटरवाल्याचा एका फांदीवर अख्खा संसार टांगलेला असतो तो असा.

"मिटवून टाकू" यानं काही मिटत नाही

गावात असा प्रसंग आला की चार शहाणी माणसं बसतात. मयताच्या घरी रडारड चालू असते, तेराव्याचा खर्च समोर असतो. लाख, दीड लाख ठरतात, शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतात की आमची काही तक्रार नाही. दोन्ही बाजूंना वाटतं, सुटलो.

कुणीच सुटत नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम मालकानं सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात त्याला आयुक्त म्हणत, आपल्याकडे बहुधा कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम बघत आले) जमा करायची असते. त्यांच्यामार्फत ती बायको, मुलं, आईबाप यांना वाटून मिळते. परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई दिली म्हणून धरत नाहीत, फार तर थोडी आगाऊ रक्कम वजा होते. आणि भरपाईचा हक्क सोडला असं कितीही मोठ्या स्टॅम्पवर लिहून घेतलं तरी ते कायद्यापुढं टिकत नाही. दावा करायला दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे दीड लाख देऊन बसलेल्या मालकाला वर्षभरानं नोटीस येऊ शकते. तिकडं त्या बाईला चौदा लाखांचा हक्क असताना ती दीड लाखावर गप्प बसलेली असते. माझ्या मते अशा बैठकांत सगळ्यात मोठं नुकसान तिचंच होतं, कारण तिला कुणी विचारतच नाही, सही तेवढी घेतात. महिलांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं.

"तो प्यायलेला होता" हेही नेहमी ऐकू येतं. किरकोळ दुखापत असेल तर दारू, मुद्दाम नियम मोडणं या कारणांवरून मालक सुटू शकतो. पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर ही सबब कायदाच मानत नाही.

अजून एक. पोस्टमार्टेम नको, देहाची चिरफाड नको म्हणून लोक परस्पर अंत्यविधी उरकतात. भावना समजते. पण पोलिसात नोंद नाही, पंचनामा नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही, मग पुढं कुठलाच विमा आणि कुठलाच दावा उभा राहत नाही.

मग मालक नक्की कोण?

लाकूड व्यापारी उभं झाड विकत घेतो आणि आपली टोळी पाठवतो, तेव्हा मालक व्यापारी. त्यानं मुकादमाला गुत्तं दिलं तरी तो हात झटकू शकत नाही. आपल्याच धंद्याचं काम दुसऱ्याला गुत्त्यानं दिलं, तर मजूर थेट वरच्या माणसाकडे भरपाई मागू शकतो, आणि वरच्यानं ती नंतर गुत्तेदाराकडून वसूल करायची. मुकादमाच्या खिशात काय असतं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून ही तरतूद मोलाची.

पावसाळ्याआधी तारेजवळच्या फांद्या तोडायची कामं निघतात, रस्त्याकडेची झाडं काढतात, ग्रामपंचायत शाळेच्या आवारातलं वाळलेलं झाड पाडायला देते. १९२३ च्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलेलं होतं की स्थानिक संस्था आणि सरकारी खातं जे काम करतं तो त्यांचा धंदाच समजायचा. म्हणजे ग्रामपंचायतीनं काम गुत्त्यानं दिलं म्हणून ती मोकळी होत नाही. किती सरपंचांना हे माहीत असेल?

शेतकऱ्याचं जरा वेगळं आहे. घरावर आलेलं झाड टोळीला ठरवून दिलं, तर जबाबदारी सहसा टोळीच्या मालकाची. पण चौकातून दोन माणसं रोजानं आणली, कुऱ्हाड आपली, दोर आपला, आणि "ती फांदी आधी घे" असं खालून आपणच सांगतोय, तर मग मध्ये दुसरा कुणी उरत नाही. दावा थेट आपल्यावर येतो. माझ्या विहिरीजवळची झाडं मागं काढली तेव्हा आलेल्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, पायात चपला. वीस-बावीस फुटांवर, चपला घालून.

जाण्यायेण्याचंही ध्यानात ठेवा. पिकअपच्या हौद्यात कटर, दोर आणि वर माणसं बसलेली आपण रोज बघतो. मराठवाड्यातल्याच एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं की घरून कामावर जाताना झालेला अपघातसुद्धा, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात धरायचा. नव्या संहितेत ही गोष्ट लिहूनच टाकली आहे.

पॉलिसी कुठं मिळते, त्यात काय बघायचं

एवढं सगळं असून विमा काढलाच पाहिजे अशी सक्ती या कायद्यात नाही. मला यातली सगळ्यात मोठी फट ही वाटते. ट्रॅक्टरचा विमा नसला तर पोलीस अडवतात, म्हणून ट्रॅक्टरचा निघतो. कटरवाल्याला कुणी अडवत नाही. देणं सक्तीचं आणि विमा मर्जीचा, म्हणून अपघातानंतर मालकाकडे द्यायला काही नसतं आणि मजुराच्या हातात कोर्टाचा नुसता कागद येतो.

या विम्याला एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी म्हणतात, जुने एजंट अजून वर्कमेन कॉम्पेन्सेशन म्हणतात. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या ती देतात, खासगी कंपन्याही देतात. हप्ता दोन गोष्टींवर ठरतो: वर्षाची एकूण मजुरी किती आणि काम किती धोक्याचं. झाडावर चढायचं काम असल्यानं हप्ता किराणा दुकानापेक्षा जास्त लागणार, हे उघड आहे. म्हणून काही जण कामाचं स्वरूप "बागकाम" असं सौम्य लिहून घेतात, किंवा सहा माणसं असताना दोनच दाखवतात. हप्त्यात हजारभर वाचतात आणि नेमक्या वेळी कंपनी कागद पुढं करते. फॉर्मवर झाडतोड, उंचावरचं काम, कटरचा वापर, असं खरंखुरं लिहून घ्या. गुत्त्यानं दुसऱ्याची माणसं लावत असाल तर तीही आत घ्या. दवाखान्याचा खर्च बऱ्याचदा मूळ पॉलिसीत नसतो, जादा हप्ता भरून घ्यावा लागतो. उशीर केल्याचा दंड कंपनी भरत नाही, तो तुमच्याच बोकांडी.

तालुक्याचा एजंट असली छोटी पॉलिसी काढायला कंटाळा करतो, त्याला त्यात फारसं सुटत नाही. सरळ शाखेत जा. जाताना हजेरीची वही असू द्या. साधी शंभर पानी चालते, फक्त तारीख, नाव, वय आणि दिलेली मजुरी रोजच्या रोज लिहिलेली पाहिजे. मजुरी फोनपेवर दिली तर आणखी चांगलं. मजुराच्या बाजूनंही तेच, आपण या मालकाकडे होतो याचा तोच पुरावा.

आता कटरवाल्याचं स्वतःचं. ही पॉलिसी त्याच्या मजुरांसाठी असते, तो स्वतः फांदीवरून पडला तर त्यात त्याला काही नाही. त्यासाठी बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. वय १८ ते ७० आणि मृत्यूला २ लाख. सातबाऱ्यावर नाव असेल, किंवा तसा शेतकरी घरात असेल आणि आपण त्याच्या कुटुंबातले असू, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाखांपर्यंत अनुदान मिळतं. उंचावरून पडणं त्यात धरलेलं आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. भूमिहीन मजूर त्यात बसत नाही, आणि झाडावर चढणारे बहुतेक भूमिहीनच असतात. कोकणात माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास बोर्डाचा वेगळा विमा आहे, हप्त्याचा मोठा भाग बोर्डच भरतं. तसलं आपल्या लिंब-बाभळीवाल्यांसाठी कुणी काढलेलं नाही. आणि बांधकाम कामगार म्हणून नोंद करून भांड्यांचा संच आणला असेल तर तो स्वयंपाकाला कामी येईल. झाडावरून पडल्यावर ती नोंद कामी येईल या भरवशावर राहू नका.

दोन-दोन लाखांच्या या योजना म्हणजे मालकाची भरपाई नव्हे. त्यांचे पैसे मिळाले म्हणून वर सांगितलेले चौदा लाख कमी होत नाहीत.

हे बदलायचं तर सुरुवात काम देणाऱ्यानं करायला हवी असं मला वाटतं. गरीब टोळीवाला आपणहून हप्ता भरणार नाही, कारण त्यानं दर वाढवला की शेजारच्या गावची टोळी काम घेऊन जाते. पण व्यापाऱ्यानं, ग्रामपंचायतीनं, वीज खात्याच्या ठेकेदारानं "आधी पॉलिसी दाखव" म्हटलं तर सगळ्यांचेच दर एकदम वाढतील आणि कुणाचं काम जाणार नाही. पावसाळ्याआधीच्या मासिक सभेत फांद्या तोडायचा विषय येतोच. त्या ठरावात एक ओळ घाला, की काम घेणाऱ्यानं मजुरांच्या विम्याची चालू पॉलिसी जोडावी, हप्त्याचा खर्च दरात धरावा. ग्रामसेवकानं झेरॉक्स फाईलला लावावी आणि पॉलिसीची शेवटची तारीख बघावी. काम सुरू व्हायच्या आधी.